लेहहून एका दिवसात गाडीने काय पाहावं? पँगाँग करावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: जुलैत पुण्याहून विमानाने लेहला जाताय, सोबत साठी ओलांडलेले सासू-सासरे आहेत, गाडीने लांब फिरायला एकच दिवस मिळतोय आणि टूरवाला म्हणतोय, ‘पँगाँग सरोवर एका दिवसात करून आणतो.’ जावं का?

माझं उत्तर: सासू-सासऱ्यांना घेऊन तरी नाही. तो दिवस लेहच्या पश्चिमेला द्या. श्रीनगरकडे जाणारा महामार्ग धरा आणि सिंधूच्या कडेकडेने लामायुरूपर्यंत जाऊन या. या पट्ट्याला तिथे शाम म्हणतात.

कारण एकच, उंची. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून वर विमान तुम्हाला थेट नेऊन सोडतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. जिना चढतानाही धाप लागते, रात्री झोप नीट येत नाही, डोकं जड होतं. म्हणून पहिले दोन दिवस कुठेही जायचं नाही. खोलीत पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, फार तर संध्याकाळी बाजारात सावकाश चक्कर.

पँगाँगचा रस्ता चांग ला ओलांडून जातो. ती खिंड ५,३०० मीटरच्या आसपास, तिथे हवेचा दाब जवळपास निम्मा. सरोवरही ४,२०० मीटरच्या वर. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, म्हणजे दहा-अकरा तास गाडीत आणि पाण्याकाठी तास-दीड तास. खरी अडचण मात्र वेगळी आहे. उंचीचा त्रास झाला की पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं, आणि पँगाँगहून लेहला खाली यायचं तर आधी तीच खिंड पुन्हा चढावी लागते. धडधाकट माणसाचं एक वेळ निभावतं, पण वयस्कर माणसांना मी त्या पेचात घालणार नाही.

शामचा रस्ता याच्या बरोबर उलट. नदीसोबत तो खाली खाली जातो. निम्मू, आल्ची ही गावं लेहपेक्षा खाली आहेत, खालत्सी तर ३,००० मीटरच्या आसपास. लामायुरू पुन्हा लेहच्याच उंचीला येतं आणि मध्ये एकही मोठी खिंड नाही. कुणाला बरं वाटेनासं झालं तर तिथूनच गाडी वळवायची. रस्ता चांगला आहे, वाटेत गावं आहेत.

सकाळी सातला निघा. वाटेत पत्थर साहिब गुरुद्वारा लागतो, तिथे माथा टेकून पुढे व्हा. मॅग्नेटिक हिलवर उतरला नाहीत तरी चालेल. तो दृष्टिभ्रम आहे, आजूबाजूच्या डोंगरांमुळे उतार चढासारखा दिसतो आणि बंद गाडी चढावर सरकल्याचा भास होतो. निम्मूच्या अलीकडे, रस्त्यावरूनच सिंधू-झंस्कारचा संगम दिसतो तिथे मात्र थांबाच. दोन रंगांचं पाणी बऱ्याच अंतरापर्यंत मिसळत नाही. उन्हाळ्यात झंस्कारला इतकं पाणी असतं की सिंधूच तिला येऊन मिळतेय असं वाटावं. हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून ‘चादर’ ट्रेक होतो तो याच झंस्कारवर.

निम्मूच्या पुढची मधली ठिकाणं जाताना करू नका. आधी लांबचं टोक गाठा. लेहहून लामायुरू साधारण १२० किलोमीटर, थांबत गेलात तरी अकरापर्यंत पोचाल. तिथल्या गोंप्याच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, अलीकडे पिवळसर मातीचा सुरकुतलेला प्रदेश लागतो, त्याला मूनलँड म्हणतात. फार पूर्वी इथे सरोवर होतं, त्याच्या तळाचा गाळ वाऱ्या-पाण्याने कोरला गेलाय. गोंप्यात पायऱ्या आहेत. सासू-सासऱ्यांना जमेल तेवढंच चढू द्या, खालच्या वळणावरूनही पूर्ण गोंपा दिसतो.

परतीच्या वाटेवर आल्ची. एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी हेच निवडेन. बाकी गोंपे डोंगरावर, हा मात्र सपाटीला, जर्दाळूच्या बागांमध्ये, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही सोपा. इथली सर्वात जुनी देवळं अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराची. सुमत्सेक नावाच्या तीन मजली देवळाच्या ठेंगण्या दारातून वाकून आत गेलं की आधी काही दिसत नाही. डोळे सरावू द्या. मग तीन बाजूंच्या कोनाड्यांत तीन उभे बोधिसत्त्व दिसायला लागतात, मातीचे, इतके उंच की डोकी वरच्या मजल्यात गेलेली. तुमच्या नजरेसमोर येतात ती त्यांची धोतरं. तीच नीट बघा. अवलोकितेश्वराच्या धोतरावर महाल, देवळं, घोडेस्वार. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र. मंजुश्रीच्या धोतरावर सिद्ध योग्यांच्या आकृती, एकेक बोटभर मापाची. काम काश्मिरी शैलीचं आहे. खुद्द काश्मीरमध्ये त्या काळातली अशी चित्रं उरलेली नाहीत, म्हणून या भिंतींचं मोल फार मोठं. आत फोटोला बंदी आहे ती अगदी योग्य आहे. भिंतीला हात किंवा पाठ लागू देऊ नका, रंग फार नाजूक झालेत.

जेवण आल्चीतच करा. थुक्पा (नूडल्सचं सूप) किंवा स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचं दाटसर कालवण) मागवा, दोन्ही गरमागरम. बाहेर गल्लीत बायका सुकवलेले जर्दाळू विकायला बसतात. जुलैअखेर गेलात तर ताजेही मिळतील. दुपारच्या जेवणाच्या वेळी देवळाला कुलूप असू शकतं, अशा वेळी आधी जेवून घ्या.

लिकीरच्या गोंप्यातला मैत्रेयाचा मोठा पुतळा वेळ उरला तरच. बास्गो मात्र चुकवू नका. कच्च्या विटांचा पडका किल्ला मातीच्या सुळक्यांवर उभा आहे आणि उतरत्या उन्हात माती कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. सहा-साडेसहापर्यंत लेहमध्ये परत याल.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, निदान एक पोस्टपेड जवळ ठेवा. रोख पैसे, टोपी, गॉगल, सासऱ्यांची रोजची औषधं हाताशी हवीत. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, ते पुण्यातच तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आवर्जून सांगा. आणि तुम्हा दोघांना पँगाँगची ओढ असेलच, तर मुक्कामाच्या शेवटाकडे एक दिवस काढता येतो का बघा. तोवर शरीर रुळलेलं असतं. पहाटे निघा, चांग लावर दहा-पंधरा मिनिटांच्या वर रेंगाळू नका आणि सासू-सासऱ्यांना त्या दिवशी लेहमध्येच आराम करू द्या.