पौर्णिमा पंचांगात आधीच लिहिलेली असते

प्रश्न : ताई, मी देवगडजवळच्या एका गावात राहते आणि दीड वर्षापासून मोबाइलवर क्रमशः वेअरवुल्फ (पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसांची) प्रेमकथा लिहिते आहे. माझी नायिका देशावरच्या माळरानातील एका टोळीतून पळून कोकणात उतरली आहे. त्या टोळीच्या अल्फाने, म्हणजे म्होरक्याने, तिला तीन वर्षे कोंडून ठेवले होते आणि मारहाण केली होती. इथे खाडीकाठी तिला तिचा ‘मेट’, म्हणजे जोडीदार, भेटतो. तो होडी चालवतो. जोडी नियतीनेच ठरवलेली असल्यामुळे तिने त्याच्यावर लगेच विश्वास ठेवावा, अशी वाचकांची अपेक्षा आहे. ‘आणखी किती ताणणार?’ असे ते विचारतात. मला मात्र ते खोटे वाटते. नायकाने जुन्या अल्फाला ठार मारले की तिची भीती संपते, असे दाखवावे का? आणि विश्वास बसत चालला आहे हे दाखवायचे तरी कसे?

उत्तर : तुम्हाला जे खोटे वाटते ते खोटेच आहे, वाचकांच्या घाईपुढे नमू नका. ‘मेट’ नियतीने ठरवलेला असतो हे या कथाप्रकाराचे गृहीतक आहे आणि ते मोडण्याची गरज नाही, परंतु नियती देते ती ओढ. ती एका क्षणात लागते. विश्वास मात्र पाहून, पारखून आणि आपण फसलो नाही ना याची पुन्हा खात्री करून बसतो. शिवाय जिचा देह तीन वर्षे तिला न विचारता दुसऱ्याच्या ताब्यात होता, तिला स्वतःच्याच देहात न विचारता उठलेली ही ओढ धास्तीची वाटेल, आणि हेही आपल्यावर कोणी लादले तर नाही ना, ही शंका तिला आली नाही तरच नवल. तुमच्या पत्रात या शंकेचा उल्लेख नाही. ती कथेत आणा. पुढचे कितीतरी भाग तिच्यावर चालतील.

जुन्या अल्फाचा वध खुशाल लिहा. वाचकांना तो हवा असतो आणि मलाही तो वाचायला आवडेल. मात्र पुढच्या भागात ती गाढ झोपली असे लिहू नका. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आघातोत्तर तणावविकाराला आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले. धोका टळून गेल्यावरही झोप उडणे, बारीकशा आवाजाने दचकणे, आठवण करून देणाऱ्या जागा आणि वास टाळणे, घडून गेलेला प्रसंग आत्ताच घडतो आहे असे वाटणे, ही त्याची लक्षणे आहेत. समुद्राकाठी राहणाऱ्या तुम्हाला उधाण काही नवे नाही. त्याचा पुरा जोर बहुधा पौर्णिमेच्या रात्री नसतो. एक-दोन दिवस उलटल्यावर पाणी सर्वांत वर चढते. तुमच्या नायिकेची भीतीही ती सुखरूप ठिकाणी पोहोचल्यानंतरच वर येईल, आणि ‘आता तर सगळे संपले, मग आता का?’ असे भोवतालचे सगळे तिला विचारतील.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ विदुषींनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण आणि त्याचा शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. माणूस या टप्प्यांवरून मागे-पुढे होत राहतो, आणि सावरण्याची सूत्रे पीडित व्यक्तीच्याच हाती असावी लागतात, हेही त्यांनी आग्रहाने सांगितले. मी वाचलेल्या बहुतेक वेअरवुल्फ कथा पहिला टप्पा गाळून थेट दुसऱ्यावर उडी घेतात : चांदण्यात नायक म्हणतो, ‘मला सगळे सांग’, आणि ती सांगून मोकळी होते. अजून दाराला कडी घातल्याशिवाय जिला झोप येत नाही, ती असे सांगेल कशी?

आता या कथाप्रकाराच्या एका अडचणीकडे वळते, कारण खरी नाट्यमयता तिथेच आहे. तुमच्या नायकाला तिच्या भीतीचा वास येतो; काही कथांत तर त्याला तिचे मनही वाचता येते. लेखक हे प्रेमाचे लक्षण म्हणून लिहितात. परंतु तीन वर्षे जिच्या प्रत्येक हालचालीवर पाळत होती, तिच्या दृष्टीने हीसुद्धा पाळतच आहे, कारण भीती लपवण्याचीही मुभा तिला उरलेली नाही. म्हणून नायकाला कळले असले तरी त्याने विचारावे, तिने ‘काही नाही’ म्हटले तर ते मानावे आणि आपल्याला काय काय कळते हे तिला एकदा स्वच्छ सांगून टाकावे. मनाचे ते दार तिला आतून बंद करता येते असे ठरवा. तिने ते बंद केले आणि तो दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच बोलला, तर तुमचा एक उत्तम भाग झाला.

दुसरी गोष्ट चंद्राची. माणसातला हिंस्रपणा कधी उसळेल हे एरवी सांगता येत नाही. छळ सोसलेल्याला सर्वाधिक छळते ती हीच अनिश्चितता. तुमच्या नायकाची पौर्णिमा मात्र साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते आणि पंचांगात आधीच लिहिलेली असते. याचा उपयोग करून घ्या. चार दिवस आधी तो तिला सांगेल, खोलीची किल्ली तिच्याकडे देईल, अडसर तिच्या बाजूला असेल आणि होडी घेऊन तो खाडीपलीकडे जाईल. पहिल्या पौर्णिमेला ती रात्रभर जागी राहील. नारळी पौर्णिमेपर्यंत तिला मध्येच डुलकी लागेल. मधल्या एका महिन्यात त्याच्याकडून चूक होऊ द्या : तो ठरलेल्या वेळेआधी परतेल आणि पडवीत त्याची पावले वाजतील. त्या चुकीची सबब तो सांगतो की जबाबदारी घेतो, यावर पुढचे सगळे अवलंबून राहील. आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. भयंकर रूपाच्या राखणदारावर गावाचा जीव बसतो, तो रोजची फेरी चुकवत नाही म्हणून.

‘अल्फा आहे, हुकूम गाजवणारच’ ही सबबही चालू देऊ नका. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून पुढे आली, आणि तो अभ्यास पिंजऱ्यात एकत्र डांबलेल्या लांडग्यांचा होता. ती कल्पना लोकप्रिय करणारे डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली दाखवून दिले की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले. कोंडल्यावर जे घडते त्याला निसर्ग म्हणायचे का, हा प्रश्न तुमच्या नायिकेलाच विचारू द्या. तिला तो अधिकार आहे. (लांडगा हा माळरानाचा प्राणी, तेव्हा ती देशावरून आली हे तुम्ही नेमके साधले आहे.)

विश्वास दाखवायचा तर तिच्या पहिल्या नकारातून दाखवा. त्याने हौसेने केलेले बांगड्याचे तिखले तिने ‘आज नको’ म्हणून बाजूला सारावे आणि मग काय होते याची श्वास रोखून वाट पाहावी. काहीही होत नाही. तो ताट झाकून ठेवतो. मानेवर चावा घेऊन ‘आपली’ ठरवण्याचा विधी तुम्हाला टाळता येणार नाही, पण त्याची तिथी तिला ठरवू द्या आणि एकदा ठरवून ती मोडूही द्या.

प्रश्न : माझे हे दुसरे लग्न आहे. पहिल्या घरी मार खाल्ला. आताचे पती शांत स्वभावाचे आहेत, तरी ते मागून जवळ आले की मी दचकते आणि त्यांना वाईट वाटते. मला वेअरवुल्फ कथा वाचून बरे वाटते; ते म्हणतात, ‘त्या राक्षसांची भीती वाटत नाही आणि माझी वाटते?’ — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पुस्तकातला राक्षस हवा तेव्हा मिटून ठेवता येतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही, असे त्यांना सांगा. तुमचे दचकणे हा त्यांच्यावरचा आरोप नाही, हेही सांगा. कथेतल्या नायकाला वासावरून सारे कळते. तुमच्या पतींना ते शब्दांत सांगावे लागेल : मागून हात लावण्याआधी हाक मारा, दचकले तर जागीच थांबा. झोप आणि रोजची कामे बिघडत असतील तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. आणि एखाद्या संध्याकाळी त्यांना तुमच्या आवडत्या कथेतला एक भाग वाचून दाखवा. नायक दार वाजवून बाहेर थांबतो तो भाग निवडा. दार फोडून आत येतो तो सध्या राहू द्या.