शेव्हेल घेण्याआधी कागद बघ, रंग नंतर

अरे घाई नको करूस, १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ (शेव्हरोलेच्या या जुन्या अमेरिकन गाडीचं मोठ्या इंजिनाचं, जोरदार रूप) म्हणून विकणारे जी दाखवतायत ती मुळात साधी मालिबू, म्हणजे शेव्हेलचंच नेहमीचं मॉडेल, असू शकते, कारण त्या वर्षीच्या व्हीआयएन नंबरावरून, म्हणजे चेसिस नंबरावरून, एसएस आहे की नाही हे कळतच नाही, बॅज आणि बॉनेट तर कुणीही बदलतं. बिल्ड शीट माग, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला कारखान्यातला कागद, बऱ्याचदा ती पेट्रोल टाकीच्या वर सापडते. इंजिनावरचा स्टॅम्प गाडीच्या व्हीआयएनशी जुळतो का तेही बघ. त्याच काळातल्या दुसऱ्या अमेरिकन गाडीचं, पॉन्टियाक जीटीओचं, बरंय, १९७० किंवा ७१ ची असेल तर व्हीआयएन २४२ ने सुरू व्हायलाच हवा. आणि मागच्या काचेखाली गंज आहे का ते दाबून बघच, मी चकचकीत रंगाला भुललो आणि पत्रा बदलण्यातच सगळं बजेट गेलं. ४५० हॉर्सपॉवरची एलएस६ (सगळ्यात ताकदवान इंजिनाची एसएस ४५४) राहू दे, बिनगंजाची मालिबू घे आणि मनसोक्त चालव.