पहिलंच रब्बीचं (यहुदी धर्मगुरूचं) हिब्रू हस्तलिखित पत्र वाचताय?

मजकुराला लगेच हात घालू नका. आधी तारीख काढा, ती बहुधा वरच सापडते. हिब्रूत अक्षरंच आकडे म्हणून वापरतात, आणि यहुदी वर्षातले हजार सहसा गाळलेले असतात: ताव-शिन-खेत म्हणजे ७०८, त्यात १२४० मिळवले की १९४८. मात्र यहुदी वर्ष शरदात सुरू होतं, म्हणून तिश्रीपासून (पहिल्या महिन्यापासून) डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला एक वजा करा.

मग शेवटच्या अक्षराआधी दोन बारीक रेघा असलेले शब्द शोधा, ते संक्षेप. योद-वाव-दालेत म्हणजे 'योरे देआ', शुल्हान आरुख या यहुदी धर्मनियमांच्या संहितेतला आहारनियम वगैरेंचा भाग. शेजारी कोफ-काफ दिसलं तर कलम १२०, भांड्यांची तविला, म्हणजे ती विधिपूर्वक पाण्यात बुडवणं. अर्धं पत्र तिथंच उलगडतं!

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका दोन:

- अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या) हस्ताक्षराच्या वळणात गिमेल (३) आणि झायिन (७) एकमेकांची आरशातली रूपं. तिनाचे सात झाले की भलतंच कलम उघडून बसाल.
- तविला आणि हगाला एकच समजणं. हगाला म्हणजे उकळत्या पाण्यानं भांड्यात मुरलेला निषिद्ध अन्नाचा अंश काढणं. तविला म्हणजे बिगरयहुद्याकडून घेतलेलं धातूचं किंवा काचेचं भांडं मिक्व्यात (विधीच्या स्नानकुंडात) बुडवणं. वापरलेल्या भांड्याला दोन्ही लागू शकतात. तेव्हा हगाला आधी.

सेफार्दी (मूळच्या स्पेनच्या यहुद्यांचं) वळण तूर्त बाजूला ठेवा.