वाघाच्या अंगातली भरण

पोरी, तुझा वाघ पोचला. फोटो मोठा करून करून बघितला, शेपटीचं वळण काय मस्त आलंय, आणि एवढं सगळं ०.१ च्या पेनाने भरायला किती रात्री गेल्या असतील आणि मान किती भरून आली असेल ते मला माहितीये.

पण एक विचारते, रागावू नको. अंगात भरलेले ते खवले कुठून घेतलेस? गोंड चित्रं बघूनच ना?

ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली जनगढ सिंह श्यामने, तो मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा, परधान गोंड. परधान म्हणजे बाना हे वाद्य वाजवत गोंडांच्या देवांची गाणी गाणारे लोक. १९८० च्या सुमारास भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी कलाकार शोधत फिरणाऱ्या मंडळींना तो सापडला, तो भोपाळला आला, हातात कागद आणि रोटरिंगचं पेन आलं आणि भिंतीवरचे देव, हरणं, पक्षी बारीक काळ्या रेघांत उतरायला लागले. त्याच्यामागून आलेले भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम, प्रत्येकाची भरण, म्हणजे आकृतीच्या आत भरलेली नक्षी, वेगळी, जाणकार माणूस नाव न वाचता सांगतो हे कुणाचं. ती सही असते गं. आणि तू तुझ्या वाघावर दुसऱ्याची सही केलीयेस.

मीपण हेच केलंय, वर्षभर. मग एकदा बिबट्या काढायला घेतला, बाह्यरेषा झाली आणि आत काय भरू सुचेचना, मांडीवर आजीची गोधडी होती. तिचा धावदोरा बघत बसले, कडेला टाके अगदी जवळजवळ, मधे सैल, जिथे झिजलीये तिथे दुहेरी. तेच टाके पेनाने बिबट्यावर घातले, खांद्याचं हाड उचलतं तिथे दाट, पोटाकडे विरळ. आमच्या जुन्नर भागात बिबट्याने आजीची शेळी नेली होती, तरी त्या वर्षी वाघबारशीला तिने वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावलाच, म्हणाली त्यालापण पोट आहे. ते चित्र मी अजून विकलं नाही.

हा वाघ विकणार असशील तर खाली 'गोंड आर्ट' लिहू नको, ते त्यांचं आहे. जनगढ कलम, म्हणजे जनगढपासून सुरू झालेली ही शैली, बघून शिकले असं स्पष्ट लिही, त्यात कमीपणा काही नाही.

आणि खवले सोडू नकोस हं! तुझं तर घरच मासळीचं. आई जिताडा साफ करेल तेव्हा शेजारी बस, पाठीवरचे खवले आणि शेपटीकडचे खवले सारखे नसतात, एकावर एक कसे बसलेत ते बघ, मग त्यातला एक धुऊन, वाळवून खिडकीशी उजेडात धर. त्याच्यावर गोल गोल बारीक रेघा दिसतील. त्या जशा दिसतात तशा आधी काढ, पानभर, आणि ते पान मला पाठव. वाघ नंतर.