ख्रिस्ती लोक देवदूतांची पूजा करतात का?
नाही, पूजा फक्त देवाची, देवदूत हा त्याचा निरोप घेऊन येणारा. मूळ ग्रीक शब्द आंगेलोस, त्याचा अर्थच निरोप्या. बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात बघा, गब्रीएल नावाचा देवदूत नासरेथ गावी मरीयेकडे, म्हणजे येशूच्या आईकडे येतो, बाळाची बातमी देतो, ती विचारते हे कसं होईल, तो नीट समजावतो, ती हो म्हणते आणि तो लगेच निघून जातो, स्वतःसाठी काहीच मागत नाही, मला हे फार सुंदर वाटतं. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या २२व्या अध्यायात तर ते लिहिणारा योहान देवदूताच्या पाया पडायला जातो तेव्हा देवदूतच त्याला अडवतो, देवाला नमन कर म्हणतो. फक्त एक आहे, कॅथलिक लोक आमच्यासाठी प्रार्थना करा अशी विनंती देवदूतांना करतात, २९ सप्टेंबरला मीखाएल, गब्रीएल, राफाएल यांचा सणही असतो, प्रोटेस्टंट सहसा अशी विनंती करत नाहीत.