थ्री फेज घरात एका मजल्यावर दिवे मंद, दुसऱ्यावर भगभगीत होतात. किती केव्हीएचा स्टॅबिलायझर घेऊ?

तुम्ही लिहिलंय की वरच्या मजल्यावर गिझर लावला की तिथले दिवे मिणमिणतात आणि नेमके त्याच वेळी खालच्या हॉलमधले जास्त उजळतात. वायरमन म्हणतो व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, अख्ख्या घराला स्टॅबिलायझर बसवा.

बसवू नका. वायरमन बदला. आणि दुसरा मिळेपर्यंत गिझरला हात लावू नका.

खांबावरूनच व्होल्टेज कमी येत असेल तर दिवे मंद होतील, तेवढंच. एकीकडे उतरलं आणि त्याच क्षणी दुसरीकडे चढलं, म्हणजे तुमचा न्यूट्रल (करंट परत जायची वायर) कुठेतरी सैल झालाय. आज सैल आहे, उद्या सुटेल. सुटल्यावर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. लग्न होऊन कऱ्हाडला आले तेव्हा सासरी थ्री फेज कनेक्शन होतं, बोअरच्या मोटरसाठी घेतलेलं. एक फेज खालच्या मजल्याला, एक वरच्या मजल्याला, एक गच्चीवरच्या खोलीला. वायरिंग थोरल्या भाऊजींच्या देखरेखीखाली झालेलं. देखरेख म्हणजे ते वायरमनच्या डोक्यावर उभे राहायचे आणि त्याला शिकवायचे. भाऊजींचा स्वतःचा धंदा कापडाचा.

बोर्डावर आयसीटीपी, म्हणजे तिन्ही फेज एकाच दांड्याने तोडणारा लोखंडी पेटीचा मेन स्विच, त्याच्या पुढे तीन फेजचे तीन किटकॅट फ्यूज (चिनीमातीचे, आत तार घालायचे), आणि शेजारी चौथा किटकॅट. हा चौथा कशाला, म्हणून मी विचारलं. "न्यूट्रलचा. डबल सेफ्टी," भाऊजी म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी, न्यूट्रलला फ्यूज लावत नाहीत, १९५६ च्या वीज नियमांत बत्तिसावा नियमच आहे तसा. त्यावर ते हसले. "अगं, न्यूट्रलला करंटच नसतो. टेस्टर लावून बघ, पेटतो का!" आणि आईंकडे बघून म्हणाले, "कॉलेजात पुस्तकी शिकवतात."

करंट नसतो ही त्यांची इतकी खात्री, की तिन्ही फेजच्या किटकॅटमध्ये फ्लेक्झिबल वायरीचे तीन-तीन पदर पिळून घातलेले (फ्यूज सारखा उडायचा म्हणून), आणि न्यूट्रलच्या किटकॅटमध्ये मात्र एकच बारीक तार. म्हणजे जो फ्यूज उडायला हवा तो कधी उडणार नाही, आणि जो मुळात असायलाच नको तो सगळ्यात आधी उडणार.

१९९७ च्या गौरीपूजनाला तो उडाला.

संध्याकाळचं हळदीकुंकू होतं. गौरी खालच्या हॉलमध्ये. चार-पाच पिवळे बल्ब, रंगीत दिव्यांच्या माळा, कोपऱ्यात २१ इंची टीव्ही, आवाज बंद करून चालू ठेवलेला, कारण पोरं हलेनात. वर माहेरपणाला आलेल्या दोन्ही वन्सं आवरत होत्या. गिझर चालू, इस्त्री चालू. मी खाली ओटी भरत होते. अचानक हॉल उजळला. पिवळे बल्ब पांढरेशुभ्र झाले, माळा लखलखायला लागल्या. शेजारच्या काकू हात जोडून म्हणाल्या, "बघा बघा, गौरीचं तेज कसं पडलंय!" सगळ्या बायका कौतुकाने बघतायत, आणि माझ्या मात्र पोटात गोळा आला. तेवढ्यात वरून हाक आली, "अगं, इस्त्री गार पडली! गिझरचा दिवा पण गेला!"

वर गार, खाली तेज. मी हातातलं ताट तसंच काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि बोर्डाकडे पळाले. पोचेपर्यंत एक बल्ब उडाला, मग दुसरा, मग एक अख्खी माळ विझली, आणि टीव्हीतून फट् असा आवाज येऊन जळक्या माशासारखा वास सुटला. मी आयसीटीपीचा दांडा खाली ओढला. अंधार. फक्त समया चालू होत्या.

आता हिशोब बघा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४००. न्यूट्रल शाबूत असतो तेव्हा प्रत्येक मजल्याला आपापले २३० मिळतात. न्यूट्रल तुटला की करंटला परतीची वाट एकच उरते: वरच्या फेजमधून निघायचं, वरच्या मजल्याच्या उपकरणांतून खालच्या मजल्याच्या उपकरणांत शिरायचं आणि खालच्या फेजला जाऊन मिळायचं. दोन्ही मजले सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लागतात, तेही ४०० व्होल्टवर. सीरिजमध्ये ज्याचा लोड हलका त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. आमच्याकडे वर गिझर आणि इस्त्री मिळून ३००० वॅट, खाली दिवे-टीव्ही मिळून धरा ३००. गच्चीवरची खोली बंद होती, म्हणून गणित सोपं. दहास एक या प्रमाणात ४०० वाटले की खाली ३६४ आणि वर ३६. इस्त्री गार का पडली ते कळलं ना?

यातली वाईट गोष्ट पुढेच आहे. खालचा प्रत्येक बल्ब उडाला की खालचा लोड आणखी हलका होतो, म्हणजे उरलेल्यांवर व्होल्टेज आणखी चढतं. पहिला बल्ब उडायला वेळ लागला, पुढचे भराभर गेले ते त्यामुळे. आणि टीव्ही: त्यातला मोठा कंडेन्सर साधारण ४०० व्होल्टचा असतो. २३० व्होल्टचं शिखर ३२५ च्या आसपास जातं, ते त्याला झेपतं. ३६४ चं शिखर जातं ५१५ ला. फुटणारच.

टॉर्च घेऊन मी चौथा किटकॅट उपसला. तार वितळून दोन्ही टोकांना मोहरीएवढे थेंब, चिनीमाती काळी. भाऊजी दुकानातून आले, खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, "न्यूट्रल गेलाय ना? मग अर्थिंगची वायर काढून न्यूट्रलला लाव, दोन मिनिटांचं काम. बायका ताटकळल्यात."

हे दुसरं भांडण, आणि यात मी अजिबात मागे हटले नाही. न्यूट्रल गेला की अर्थिंगवर काम भागवणारे वायरमन आजही पैशाला पासरी आहेत, तुमचाही कदाचित त्यातलाच असेल. मीठ-कोळसा घालून केलेल्या आपल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स भर पावसाळ्यात ५ ओहम धरा. वरचा ३००० वॅटचा लोड त्यातून परत पाठवला तर अर्थच्या वायरवर साधारण ५० व्होल्ट चढतात. उन्हाळ्यात खड्डा सुकून २० ओहमवर गेला तर १२०. आणि अर्थची वायर घरात कुठे कुठे गेलेली असते? फ्रिजच्या पत्र्याला, गिझरच्या टाकीला, मिक्सरला. ओल्या मोरीत अनवाणी उभं राहून कुणी गिझरला हात लावला असता तर? मी काठाच्या साडीत बोर्डासमोर उभी राहिले आणि म्हटलं, भाऊजी, अर्थिंगला हात लावायचा नाही. घरात मोठ्या दिरांशी त्या आवाजात मी पहिल्यांदाच बोलले. आई मधे पडल्या, "तिला करू दे गं बाई... करू दे रे तिला," असं काहीतरी दोघांनाही म्हणाल्या.

माळ्यावर वायरिंगची उरलेली सात-वीसची (सात पदरांची) वायर होती. हातभर कापली, सुरीने सोलली, मेन बंद असल्याची टेस्टरने आणि मग मल्टिमीटरने खात्री केली, आणि किटकॅटला वळसा घालून न्यूट्रल सरळ जोडून टाकला. तिन्ही फेजच्या किटकॅटमधल्या पिळलेल्या तारा काढून रीतसर फ्यूज वायर घातली. वीस मिनिटं लागली. बायका समयांच्या उजेडात गाणी म्हणत बसल्या होत्या.

म्हणून सांगते, टेस्टरवर विश्वास ठेवू नका. टेस्टर दाखवतो ते जमिनीच्या मानाने व्होल्टेज. करंट किती वाहतोय ते त्याला कळतच नाही. सिंगल फेजच्या सर्किटमध्ये फेजमधून जेवढा करंट आत येतो, बरोबर तेवढाच न्यूट्रलमधून परत जातो. तिन्ही फेजचा लोड अगदी सारखा असेल तर एकमेकांचा करंट कटतो हे खरं, पण घरात लोड सारखा कधी असतो? त्यात आता एलईडी, कॉम्प्युटर, चार्जर आले. यांचे तिसऱ्या हार्मोनिकचे (मूळ लहरीच्या तिप्पट वेगाने हलणारे) करंट न्यूट्रलमध्ये कटत नाहीत, उलट साठतात. तेव्हा न्यूट्रलची वायर फेजपेक्षा बारीक टाकणारा वायरमन दारातूनच परत पाठवा. नियम २०१० ला आणि पुन्हा २०२३ ला नव्याने आले, पण न्यूट्रलला एकटा फ्यूज किंवा एकटं बटण नको, ही गोष्ट जागच्या जागी आहे. मेन स्विचबरोबर एकाच दांड्याने सगळ्या वायरी एकदम तुटत असतील तर चालतं. हल्ली किटकॅट गेले, त्यांच्या जागी न्यूट्रलवर सुटा सिंगल पोल एमसीबी (एकच वायर तोडणारा, जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) लावलेला मी दोन घरांत पाहिलाय. तीच डबल सेफ्टी, नवीन पेटीत.

नवा वायरमन मिळाला की तुमच्याकडे तपासायचं कसं: मल्टिमीटर घेऊन एका माणसाला खालच्या सॉकेटपाशी बसवा, एकाला वरच्या. गिझर क्षणभर लावून बंद करा. वरचा आकडा चार-पाच व्होल्ट उतरला आणि खालचा जागेवर राहिला तर ठीक. खालचा टुणकन चढला तर न्यूट्रल. मग मेन बंद करून मीटरच्या पुढची न्यूट्रल लिंक (न्यूट्रलची वायर जोडायची पट्टी) बघायला सांगा. बहुतेक वेळा खांबावरून आलेली ॲल्युमिनियमची वायर पितळी लिंकमध्ये स्क्रूखाली सैल झालेली असते, भोवती पांढरट भुकटी, प्लास्टिक तपकिरी पडलेलं. टोक कापून, घासून, लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून नव्याने बसवायचं. इन्व्हर्टर किंवा जनरेटरचा चेंजओव्हर (लाइन बदलायचा स्विच) असेल तर तोही उघडून बघा, त्यातला न्यूट्रलचा जोड तिथेही जळतो.

दोन गोष्टी राहिल्या. शेजाऱ्यांकडेही असंच होत असेल तर दोष खांबावर किंवा डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) आहे. तक्रार नोंदवा, लाइनमन येईल, आपण शिडी लावायची नाही. आणि मेन चालू असताना न्यूट्रलचा स्क्रू कुणालाही, अगदी मलासुद्धा, ढिला करू देऊ नका. तो ढिला करणं म्हणजे आमच्या गौरीपूजनाचा प्रयोग तुमच्या घरी लावणं.

एमसीबी आणि आरसीसीबी असूनही हे होऊ शकतं. एमसीबी करंट बघतो, आरसीसीबी गळती बघतो, चढलेलं व्होल्टेज दोघांनाही दिसत नाही. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा मिळतो, २७०-२८० च्या पुढे गेलं की लाइन तोडतो. तो प्रत्येक फेजला लावून घ्या. स्टॅबिलायझरच्या पैशात येईल.

भाऊजी आता पंच्याहत्तरीचे आहेत. मागच्या वर्षी मुलाने बंगला बांधला तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून मला बोर्ड बघायला बोलावलं. न्यूट्रलला तांब्याची जाड पट्टी होती, सरळ. मी काही बोलले नाही. तेच म्हणाले, "पण त्या दिवशी लाइट खांबावरूनच वाढून आली होती हां."

बाकी तुम्ही केव्हीए विचारला होता, तो राहिलाच. न्यूट्रल पक्का केल्यावरही तुमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज खरोखरच १८०-१९० वर उतरत असेल, तर घरगुती फ्रिजला अर्ध्या केव्हीएचा पुरतो आणि दीड टनी एसीला चार केव्हीएचा लागतो. अख्ख्या घराला लावायची गरज नाही. गिझर आणि इस्त्रीला तर मुळीच नको. कमी व्होल्टेजवर त्यांचं पाणी आणि कपडे थोडे उशिरा तापतील, एवढंच.