नाना, माफी येणारच आहे तर हप्ता थांबवू का?

प्रश्न : नाना रामराम. मी यावल तालुक्यातला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. वर्षाला दीड लाख असं चार वर्षांचं सहा लाख एज्युकेशन लोन होतं, पास होऊन वर्ष झालं तेव्हा बँकेने ८ लाख १० हजार काढले, हप्ता १० हजार ७०० अन तोही दहा वर्षं. चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहे, हातात २१ हजार येतात, रूम अन मेस जाऊन काय उरतं तुम्हीच सांगा. केळी वादळात आडवी झाली त्यामुळे आप्पांकडे मागायची सोय नाही. दोन हप्ते थकलेत. आमच्या ग्रुपवर सगळे म्हणून राहिले की इलेक्शनआधी माफी होणारच, भरणारा येडा, अमेरिकेत पण झालीच ना. मग थांबवू का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : नको थांबवू भो. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे थकीत-बुडीत कर्जाच्या यादीत जातं, अन तू त्याच्या काठावर उभा आहे. अन सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुझं एकट्याचं बिघडत नाही, आप्पांनी सहकर्जदार म्हणून सही केलीय ना, त्यांचंही बिघडतं. मी बँकेत ३१ वर्षं काढली, बरीचशी तापीकाठच्या शाखांमध्ये. पोराच्या कॉलेजच्या कर्जापायी बापाचं पीककर्ज अडकलेलं पाहिलंय, केळीच्या कांदेबागेची लागवड तोंडावर अन बाप मॅनेजरच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसलेला, पोरगा पुण्यात, फोन उचलत नाही.

आता ८ लाख १० हजार कसे झाले ते बघ, कारण तुला वाटत असेल बँकेने लुबाडलं. शिकत असताना अन नंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो पण व्याज चालूच असतं, सरळव्याज. पहिल्या वर्षाचे दीड लाख पाच वर्षं व्याज खातात, दुसऱ्या वर्षाचे चार, मग तीन, मग दोन. दहा टक्क्यांनी २ लाख १० हजार होतात. हे कर्ज देताना कोणी समजावून सांगत नाही, आम्हीही घाईत सांगायचो नाही, खोटं कशाला बोलू. तेव्हाच दर महिन्याला व्याज भरत गेलं तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सूटही देतात.

अन इथेच मला खरी शंका येते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल अन कॉलेज किंवा कोर्स नॅक-एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांचा मान्यताप्राप्त असेल तर हे मधल्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं, २००९ पासून योजना आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यावा लागतो अन क्लेम बँकेनेच पाठवायचा असतो. ‘माझा दाखला घेतला होता का, क्लेम गेला होता का’, हे शाखेत लेखी विचार. तोंडी विचारलंस तर ‘बघतो’ म्हणतील. ओबीसीत असशील तर राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे, जळगावच्या ऑफिसात एक चक्कर मार.

दुसरं, मुदत वाढवून माग. १५ वर्षं केली तर हप्ता ८ हजार ७०० वर येतो. फुकट नाही, शेवटी पावणेतीन-तीन लाख जास्तच जातील, पण पगार वाढला की मधे जादा भरून टाक. ‘सेटलमेंट’, म्हणजे थोडं भरून खातं मिटवून देतो म्हणणारा एजंट आला तर चहा पाजून परत पाठव, तो शब्द सिबिलवर वर्षानुवर्षं राहतो.

राहिली माफी. काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात लिहिलं होतं की १५ मार्च २०२४ ला जेवढं शैक्षणिक कर्ज देणं असेल ते व्याजासकट एकदा माफ करू, त्यांचं सरकार आलं नाही. अमेरिकेत बायडन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये दहा हजार डॉलर, गरीब घरच्यांना वीस हजार असं जाहीर केलं अन ३० जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने ते उडवलं. जुन्या दुसऱ्या योजनांतून काहींचं माफ झालं, तेवढंच ग्रुपवर फिरतं. शिवाय तिथे बहुतेक कर्ज थेट सरकारचंच असतं, सावकारच म्हणतो सोडून दिलं. आपल्याकडे पैसा बँकेचा म्हणजे ठेवीदाराचा, सरकारने आधी बँकेला द्यायचा मग तुझं फिटणार. अन पेपरात ‘इतके कोटी राइट ऑफ’ वाचून खुश होऊ नको, ते बँकेच्या वहीतलं काम, वसुली तुझ्यामागे चालूच राहते. साडेसात लाखापर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी असते तीही बँकेसाठी, तुझ्यासाठी नाही.

प्रश्न : नमस्कार नाना. मी अमळनेरची निवृत्त शिक्षिका. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज नको म्हणून पाटल्या मोडल्या, एक प्लॉट विकला. आता कर्जवाल्यांना माफी मिळाली तर आम्ही मूर्ख ठरलो का? नात पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाणार, तिच्यासाठी तरी कर्ज काढावं का?

उत्तर : बाई, तुमचा राग मला पटतो. शेतकरी कर्जमाफीतही हेच झालं, २०१७ ला दीड लाखापर्यंत माफ, २०१९ ला दोन लाखापर्यंत, अन नियमित भरणाऱ्याला आधी २५ हजारापर्यंत अन मग ५० हजारापर्यंत प्रोत्साहन. काही न देण्यापेक्षा बरं, पण गावच्या विकास सोसायटीत वेळेवर भरणारे आम्हाला तोंडावर काय काय विचारायचे ते आठवतंय. तरी एक सांगतो, ज्याच्याकडे मोडायला पाटल्याच नव्हत्या त्याने कर्ज काढलं, तो काही लबाड नाही. सरसकट माफी मला नको वाटते, पण केरळने २०१७ ला केलं तसं, पहिली काही वर्षं हप्त्याचा मोठा वाटा सरकारने भरायचा अन तो कमी कमी करत न्यायचा, हे आपल्याकडे का होऊ नये? पोराला नोकरी लागायच्या आधी हप्ता लागतो, दुखणं तिथे आहे. प्लेसमेंटचे फ्लेक्स लावणाऱ्या कॉलेजला मात्र कोणीच काही विचारत नाही, त्याची फी कधीच खिशात गेली.

नातीचं म्हणाल तर आधी कर्ज नाही, आधी फी माफी बघा. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी अन ईडब्ल्यूएसच्या मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क अन परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्न आठ लाखाच्या आत अन प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर गेलं. होस्टेल-मेस तुमच्यावरच, तेवढ्यासाठी छोटं कर्ज चालेल. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर ही गर्दी असते अन सर्व्हर नेमका तेव्हाच बसतो.